करडी तार

जुने दोन स्पीकर कमरेइतके उंच,
दौगावापलीकडच्या त्या पाचव्या मजल्यावर
कोट न काढता उभ्या राहिलेल्या पाहुण्यांसारखे.
खर्ज लागला की कपाटातल्या बश्या बोलायच्या
आणि खालून झेनिया काठीनं छत ठोकायची,
तेही ताल सोडून.

दहा बाय अकराची खोली.
पलंग मुलीकडे गेला त्या दिवशी
वेल्टा म्हणाली, ही आता ऐकायची खोली.
ओयार्स काही बोलला नाही.
त्याचा डावा कान कारखान्याच्या चाचणीघरात राहिला,
पेन्शनच्या कागदांत त्याची एक ओळ आहे.

मातीसा रस्त्यावरच्या दुकानात
ती स्वतःची सीडी घेऊन गेली.
तिच्याच वृंदाची. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी, ती.
पोरसवदा रिहार्ड्सनं ॲम्प्लिफायरचे वॅट विचारले, ओहम विचारले,
पत्रिका मांडून बसल्यासारखे.

पहिली जोडी फार गोड,
पहिल्या आठवड्यातल्या सुनेसारखी.
दुसरी प्रत्येक 'स' ला चावत होती.
तिसरीला पाठीमागे हातभर मोकळी जागा हवी;
हातभर जागा असती
तर पलंग कशाला पाठवला असता?

चौथी लहान, बंद पेटीची, जाड शब्दकोशाएवढी.
तिसऱ्या गाण्यात कुणीतरी खोकलं.
कोरडा खोकला, अर्धा गिळलेला.
'ही बीरुता,' वेल्टा म्हणाली,
'हिला इथंच खोकला यायचा.'
आणि पर्स उघडली.
पेट्यांवरचे क्रमांक पाठोपाठचे,
सख्ख्या बहिणी.

घरी स्वयंपाकघरातली दोन स्टुलं,
त्यांवर लोणच्याच्या बरण्यांची रबरी कडी,
त्यांवर पेट्या.
सुतळीनं त्रिकोण मोजला:
दोन टोकांना त्या,
तिसऱ्या टोकाला खुर्ची. एकच.
तार ओयार्सच्या खणातली, जुनी, दोन्ही पदर करडे.
जोडली तिनंच. मदत नको म्हणाली.

वृंद आला,
पण भिंतीभिंतींनी, चोरासारखा.
मधे कुणी नाही.
आवाजाचं पोट गेलेलं,
बीरुताचा खोकला सगळीकडे, म्हणजे कुठंच नाही.

तीन दिवस तिनं खुर्ची सरकवली,
पडदा ओढला, भिंतीवर गालिचा लावला,
पेट्या जवळ, पेट्या लांब.
चौथ्या दिवशी खोकी काढली, परत करायला.

तेव्हा ओयार्स टॉर्च घेऊन आला
आणि टॉर्च न लावता उघडला.
आतला सेल काढला.
ॲम्प्लिफायरमागून तारांची टोकं ओढली,
एकेक जोडी सेलला टेकवली.
'पडद्याकडे बघ,' म्हणाला.
उजवीचा पडदा केसभर पुढं आला.
डावीचा केसभर मागं गेला.
एक श्वास सोडते तेव्हा दुसरी घेते.

आपल्याकडे याला छत्तीसचा आकडा म्हणतात:
तीन आणि सहा, पाठीला पाठ.
ओयार्सला हे ठाऊक असायचं कारण नाही.
त्यानं एका तारेची दोन टोकं उलटी लावली
आणि पुढच्या वेळेसाठी
तिच्या विणकामातला लाल दोरा एका पदराला बांधला.

त्रेसष्ट.

कॅलेंडर टांगलेलं होतं तिथं
अठ्ठावीस बायका येऊन उभ्या राहिल्या.
मागची रांग मागं, पुढची पुढं,
श्वास घेतानाचा तो एकत्र सुस्कारासुद्धा.
वेल्टा खुर्चीतून उठली. 'तू बस.'
'मला काय, एकच कान,' म्हणाला,
आणि डाव्या पेटीशेजारी जमिनीवर बसला,
चांगला कान खोलीकडे करून,
तळवा पेटीवर ठेवून,
ताप बघतात तसा.

दुसरं गाणं संपलं.
तिसरं.
'कोण खोकलं?' त्यानं विचारलं.

सीडी एकोणीस वर्षं घरात होती.

वेल्टानं आवाज आणखी थोडा वाढवला.
झेनियाची काठी आली नाही,
आणि तिला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.